शनिवारची बिअर आणि वाटेतले थांबे

६ सप्टेंबर, शनिवार

कुठेतरी पाणी मुरतंय.

इतक्या वर्षांत सुनेने मला कधी "चला आई, बिअर प्यायला जाऊ" म्हटलं नाही. चर्चला चला म्हटलंय, दातांच्या डॉक्टरकडे चला म्हटलंय, नातीच्या नाचाला चला म्हटलंय. आणि आता लागोपाठ दुसरा शनिवार! सकाळी गाडी दारात. ट्रूडी स्टिअरिंगवर, माझा मुलगा वेंडेल तिच्या शेजारी, आणि मागच्या सीटवर माझ्या कमरेसाठी उशी. उशी! जिने स्वतःच्या लग्नात मला पंख्याच्या झोतात बसवलं आणि विसरून गेली, तिला आज माझी कंबर आठवली.

वेंडेलची कल्पना आहे म्हणे. मिलमधली नोकरी त्याने उन्हाळ्यात सोडली. केक कापला, टोपी दिली, घरी पाठवला. बासष्टाव्या वर्षी! त्याचा बाप बासष्टाव्या वर्षी पहाटे चाळीस गाई पिळत होता. पण असो. आता रिकामा आहे, म्हणून राज्यातल्या सगळ्या छोट्या ब्रुअऱ्या पालथ्या घालायच्या आहेत त्याला. "आई, तू चाखायचं, मी दहापैकी गुण द्यायचे!"

मी म्हटलं, गुण तुझे तुला. माझं माप वेगळं आहे. माझ्या मापात एकच प्रश्न — ही कोणाला पाजावी?

सगळ्यात खालची पायरी म्हणजे दूध तपासायला यायचा तो सरकारी माणूस, नाक वर करून बरणीत डोकावणारा. त्याच्यावर पाद्रीबाबा. त्याच्यावर शेजारीण बर्निस. आणि सगळ्यात वर ऑर्विल. म्हणजे बिअर अशी, की नवऱ्याला मातीतून उठवावं, हातात ग्लास द्यावा आणि म्हणावं, एवढी पी आणि मग जा परत.

आजची ब्रुअरी नदीपलीकडे, जुन्या चीजच्या कारखान्यात. ज्या हौदात दूध विरजायचं तिथे आता बिअर फसफसते. लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. पहिली फिकट, लिंबाच्या सालीच्या वासाची — पाद्रीबाबाला. दुसरी इतकी कडू की जीभ घडी घालून खिशात ठेवावीशी वाटली — सरकारी माणसाला, दोन ग्लास. तिसरी राय धान्याची, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी — बर्निसला, पण सणासुदीलाच. चौथी आठवत नाही. नाही, आठवते! मुद्दाम म्हटलं, बघू हे यंत्र काय लिहितंय. चौथीत मध होता आणि मध्ये मध्ये मेणबत्तीची चव.

मग परत येताना ट्रूडी म्हणते, "इथे जरा थांबू का? माझी एक ओळखीची कामाला आहे."

पिवळी इमारत, म्हाताऱ्यांना ठेवतात तसली. व्हरांड्यात झुलत्या खुर्च्या. दाराशी पायऱ्या नाहीत, चाकाच्या खुर्च्यांसाठी उतरण आहे. आत फरशी पुसायच्या औषधाचा आणि उकडलेल्या गाजरांचा वास.

ट्रूडीची ओळखीची काही भेटली नाही. कशी भेटेल? असली तर ना!

गाय ट्रकमध्ये चढवायची तर दोरीने ओढायची नसते. मक्याची बादली हातात घेऊन पुढे चालायचं. गाय बादलीकडे बघते, पायाखालची फळी बघत नाही. जन्मभर मी अशाच चढवल्या.

आता माझ्यापुढे बादली आहे. चार छोट्या ग्लासांची.

७ सप्टेंबर, रविवार

हे यंत्र म्हणजे फोनच. नातीने करून दिलंय — मी बोलते, ते लिहितं. मला अक्षर येत नाही. बाप लाकूडतोड्यांच्या तळांवर फिरायचा, शाळा लागेपर्यंत तळ हलायचा. हल्ली लोकांना हे ऐकून कसनुसं होतं. मला नाही होत. ऑर्विल होता तोवर टपाल तो वाचायचा, आता ट्रूडी वाचते. म्हणजे ट्रूडी वाचेल तेवढंच त्यात लिहिलेलं असतं!

बरं आहे एका अर्थी. मी इथे काय म्हटलं ते मलाही वाचता येत नाही. इतकं गुपित तर बँकेतही राहत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

बर्निसला फोनवर सगळं सांगितलं. तिला असल्या गोष्टीत फार गोडी.

"ॲल्विना, हे असंच सुरू होतं," म्हणाली. "आधी फिरायला नेतात. मग म्हणतात, आठवडाभर राहून तर बघ. माझी बहीण गेली की आठवड्यासाठी. तिचा आठवडा अजून संपायचाय!"

"मला बिअर पाजतात गं."

"बघ! माझ्या बहिणीला नुसती ॲपल पाय पाजली होती."

"पाय पाजत नाहीत, बर्निस, खाऊ घालतात."

"तेच ते. तुझा भाव जास्त आहे एवढंच."

तिने सांगितलं, आधी डोकं तपासतात. आज वार कोणता, राष्ट्राध्यक्ष कोण, शंभरातून सात सात वजा करत जा. मी भांडी घासता घासता केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. दूध विकण्यात हयात गेली माझी, मला वजाबाकी विचारणार!

घर सोडायचं नाही. एवढं एकच ठरवलंय. या टेकडीवर नांदायला आले, इथूनच निघेन ती आडवी.

११ सप्टेंबर, गुरुवार

बटाट्याचं पातेलं करपलं. धूर झाला. पातेलं कोठाराच्या मागे पुरलं. कोणाला कळायला नको.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज जुन्या आगबंबाच्या स्टेशनात. वर अजून तो पितळी खांब आहे, पूर्वी बंबवाले घसरायचे तो. पोरं बिअर पिऊन त्याच्याकडे आशेने बघत असतात.

पहिली क्रॅनबेरीची, आंबट. आमच्याच दलदलीतली फळं, पण ती अशी आंबवलीत की गालाच्या आतल्या बाजू एकमेकींना भेटल्या. मी म्हटलं, पाद्रीबाबाला — प्रवचन लहान होईल. वाढणारा दाढीवाला जोरात हसला. मला दाढीवाल्यांचा भरवसा नाही, पण हसला मोकळा.

दुसरी तपकिरी. डब्यावर लाल ट्रॅक्टरचं चित्र, नावही म्हणे "जुना ट्रॅक्टर". अक्षर येत नसलं तरी चित्र मी विसरत नाही. अक्रोड, जळालेली साखर, आणि शेवटी जिभेवर ओल्या कोठाराची चव. ऑर्विल उठला नसता, पण कुशीवर नक्की वळला असता.

वेंडेलने एक घोट घेतला आणि टेबलावर थाप मारली. "आई! अशी बिअर मी जन्मात प्यायलो नाही. नऊ! दहापैकी नऊ!"

"मग एक कुठे सांडला?"

"तो तुझ्यासाठी राखून ठेवला."

ट्रूडी हसली. ती फक्त ओठ लावते, गाडी चालवायची असते. पूर्वी वेंडेल हिला स्टिअरिंगला हात लावू द्यायचा नाही. मला विचाराल तर हल्ली त्या घरात लगाम कोणाच्या हातात आहे ते उघडं आहे.

आणि मग पुन्हा थांबा! या वेळी ट्रूडीला बाथरूमला जायचं होतं. दहा मिनिटांपूर्वी ब्रुअरीत जाऊन आली होती! ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती? मी गाडीतून उतरले. बघू तरी, म्हटलं, मला कुठल्या खुंट्याला बांधणार आहेत.

विटांची इमारत. छातीवर नावाची पट्टी लावलेली एक बाई आली, दात पांढरेशुभ्र. माझा हात दोन्ही हातांत घेतला, "किती गोड!" म्हणाली. मी गोड नाही. माझ्याबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, ही पहिल्यांदाच ऐकली.

पुढे ती सगळं वेंडेललाच विचारत बसली. तुम्हाला सुतारकाम आवडतं का, मासे धरता का, सकाळी लवकर उठता का. मी तिथे खांबासारखी उभी! काय हुशार बाई. ज्याच्या हातून पैसे यायचे त्याच्या पाठीवरून आधी हात फिरवायचा.

निघताना ट्रूडी हळूच म्हणते, "आई, कशी वाटली जागा?"

म्हटलं, "बाथरूमसाठी फार मोठी आहे."

२० सप्टेंबर, शनिवार

आज ठरवूनच गेले. सगळ्या बिअरना नावं ठेवायची. म्हातारीला मजा येत नाही म्हटल्यावर बादली दाखवून उपयोग काय?

पहिलीत भोपळा, दालचिनी, लवंग. हिला नावं ठेवायला खोटं बोलावं लागलं नाही. बिअर आहे की मावशीचं कपाट? सरकारी माणसाला, पिंपभर.

दुसरीला "पाणी" म्हटलं. तिसरीला "भांडी घासल्यावरचं पाणी" म्हटलं. माझं काम छान चाललं होतं.

मग चौथी आली. शरदाची लागर, तांब्याच्या रंगाची. नुसती नाकाजवळ नेली आणि मळणीचा वास आला. कापून रचलेला सातू, त्यावर दुपार, आणि ऑर्विलच्या शर्टाची पाठ. घोट घेतला. कडूपणा आहे, पण पाव्हण्यासारखा — दारात उभा राहतो, आत बोलावल्याशिवाय येत नाही.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय, आई? हीपण पाणी?" वेंडेलने विचारलं.

काय करू! घरावरून लबाडी करायला मी तयार होते, पण या ग्लासावरून नाही जमली. "ऑर्विल," म्हटलं. वेंडेलने टोपी काढून छातीशी धरली, शेजारच्या टेबलावरच्यांनीही उगाच टोप्या काढल्या.

पोरगा माझा चांगला आहे. म्हणून तर राग येतो. दुसऱ्याच्या पोराने फसवलं तर त्याला व्यवहार म्हणावं, आपल्याने फसवलं तर कुठे जावं? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. इथे म्हातारी मीच. त्यामुळे मला दोन्हीचं दुःख आहे.

आजची जागा तिसरी. तळ्याकाठी, दिसायला झोकदार. पण दाराला आकडे दाबायचं कुलूप. आतल्या बाईने दाबले, मी तिच्या कोपराखालून बघून घेतले. अक्षरं येत नाहीत, आकडे येतात! ठेवाच मला तिथे. संध्याकाळच्या जेवणाला घरी असेन.

ट्रूडीने विचारलं, "आई, कसं वाटलं?"

म्हटलं, "सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून. एकही खुर्ची दुसऱ्या खुर्चीकडे बघत नाही. आणि ती पोरगी म्हाताऱ्यांशी बोलताना आवाज असा बारीक करते, जणू मांजराच्या पिल्लाला दूध पाजतेय."

ट्रूडी म्हणाली, "हं. खुर्च्यांचं माझ्या लक्षातच आलं नाही."

येईल कसं? तुला थोडंच तिथे बसायचंय!

२४ सप्टेंबर, बुधवार

वेंडेल आला. चालत! गावापासून, टेकडी चढून. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे. मी मनात म्हटलं, हा एकटा आला म्हणजे आता गोडीगुलाबीने विचारणार. घराची काळजी वाटते गं आई, जिने किती आहेत गं आई.

पण तसं काही नाही. छपराच्या पन्हळीतली पानं काढली. खिशातून डबा काढला, लाल ट्रॅक्टरचा.

"आई, ही एक नवी सापडलीय. चाखून बघ. अशी बिअर मी जन्मात प्यायलो नाही. दहापैकी नऊ!"

तीच! तीच ती, आगबंबाच्या स्टेशनातली. शब्दही तेच.

हां, म्हटलं, आली परीक्षा. मी विसरले का ते बघतोय. मी म्हटलं असतं, "हो का, नवी आहे वाटतं," की याने लागलीच घरी जाऊन ट्रूडीला सांगितलं असतं — बघ, आईला आठवत नाही. किती साळसूद चेहरा! शाळेत असताना याला खोटं बोलायला जमायचं नाही, कान लाल व्हायचे. आज कानसुद्धा पांढरे.

मी चांगलं फैलावर घेतलं. "वेंडेल, ही आपण आगबंबाच्या स्टेशनात प्यायलो. तू टेबलावर थाप मारलीस. नऊ गुण दिलेस आणि एक माझ्यासाठी राखला म्हणालास. माझं डोकं शाबूत आहे. तपासायचंच असेल तर आधी स्वतःचं तपास!"

तो हसला. "बरोबर आहे तुझं," म्हणाला.

मग पायरीवर बसून तो डबा हातात फिरवत राहिला, वाचत राहिला. वाचता येणारा माणूस एका डब्यावर इतका वेळ काय वाचतो कोण जाणे.

चवीला मात्र तीच. ऑर्विल पुन्हा कुशीवर वळला असता.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज नेलं नाही. ट्रूडीचा फोन — "आज जरा जमत नाही, आई."

का जमत नाही? मी केस विंचरून, कोट घालून बसले होते. मला बोलावलं तर संशय येतो, नाही बोलावलं तर जास्तच येतो.

२८ सप्टेंबर, रविवार

बर्निस म्हणते, एक शनिवार गाळला म्हणजे वकिलाकडे गेले असतील. मी म्हटलं, शनिवारी वकील कुठे असतो? ती म्हणाली, "महागडे असतात." चर्चच्या तळघरातली कॉफी मला आज गोड लागली नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजची ब्रुअरी म्हणजे दुसऱ्या एका टेकडीवरचं कोठार. खरं कोठार, गाईंच्या गव्हाणी तशाच आहेत, त्यांवर फळ्या टाकून टेबलं केलीत. मला हसू आलं. असल्याच गव्हाणीत मी आयुष्यभर वैरण टाकली, तिथे आता शहरातली पोरं कोपरं टेकून बसतात आणि म्हणतात, किती निवांत! गाईंनाही निवांतच वाटायचं, पिळायची वेळ होईपर्यंत.

धुराची बिअर. सातू लाकडाच्या धुरावर वाळवतात. एका घोटात सॉसेज, चूल आणि हिवाळा. बर्निसला — तिच्या चुलीला धूर होतो हे तिला कोणीतरी सांगायलाच हवं. मग एक काळी, जाड, कॉफीसारखी. पाद्रीबाबाला, रविवारी सकाळी, कपात घालून. कोणाला कळणार नाही.

वेंडेलने आज गुण दिले नाहीत. मी म्हटलं, "मास्तर, फळा कोरा का?"

"तू सांग ना, आई. तुझं ऐकायला बरं वाटतं."

तळलेलं चीज मात्र त्याने सगळं संपवलं. ट्रूडी त्याच्या हनुवटीवरचा चुरा पुसत होती. चारचौघांत! इतका पुळका कशाचा? ज्यांना काही लपवायचं असतं ती माणसं एकमेकांशी अशी जास्तच गोड वागतात.

चौथी जागा. मागे बाग, बागेत गोल पायवाट, फिरत फिरत माणूस परत पहिल्याच जागी येतो. बागेला कुंपण. वेंडेल त्या वाटेवर हिंडत राहिला, एक म्हातारा भेटला त्याच्याशी मासे धरण्यावर बोलत राहिला. ट्रूडी आणि मी बाकावर.

"आई, इथे कसं वाटतं? खरं सांगा."

खरं हवंय? घे! सांगितलं सगळं. त्या म्हाताऱ्याची दाढी अर्धी राहिलीय, म्हणजे करणाऱ्याला घाई आहे. स्वयंपाकीण चमच्याने चव घेत नाही, म्हणजे ती इथलं जेवत नाही. दारातली बाई आपल्याला बघून हसली, पण तिच्या शेजारून चाकाच्या खुर्चीतली आजी गेली तेव्हा खाली बघितलं नाही. पाहुण्याकडे बघून हसणं सोपं आहे.

ट्रूडी कान देऊन ऐकत होती. एका शब्दाला विरोध नाही. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं वाटलं असतं. हिने एवढ्या नम्रपणे ऐकलं म्हणजे हिचं ठरलेलं आहे.

डोळे ओले होते तिचे. आधीच रडून घेतेय, म्हटलं, म्हणजे वेळेवर हात मोकळे.

८ ऑक्टोबर, बुधवार

झोप नाही. घरभर हिंडले. जिन्याची आठवी पायरी कुरकुरते, ती चुकवून चढता येते मला, दिवा न लावता. असं घर सोडून मी त्या गोल वाटेवर फिरू?

शनिवारी बोलायचं. तोंडावर. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

बोलले.

आज त्याच चीजच्या कारखान्यात परत नेलं होतं, नदीपलीकडच्या. फळी आली, चार ग्लास आले. मी हात लावला नाही. वेंडेल म्हणाला, "आई, आधी फिकट घे, तू तशीच सुरुवात करतेस."

म्हटलं, "आधी मी बोलणार. तुम्ही दोघं मला बिअर पाजून जागा दाखवताय. मी अडाणी आहे, आंधळी नाही. पिवळी, विटांची, तळ्याची, बागेची — चारही मोजल्यात मी. मला तिथे जायचं नाही. जिना चढता येतो, चूल पेटवता येते, शंभरातून सात वजा करता येतात. करून दाखवू?"

शेजारचं टेबल ऐकायला लागलं. ऐकू दे.

वेंडेल माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला, मोठ्याने, लहानपणी हसायचा तसा. "तू? कुठे जायचंय तुला? ट्रूडी, आई कुठे चाललीय?"

ट्रूडीने फिकट बिअरचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"आई," तो म्हणाला, "मी आहे तोवर तुला त्या घरातून कोणी हलवणार नाही. मी आहे ना!" आणि छातीवर हात ठेवला.

कान लाल नाहीत. इतकं सफाईने खोटं? मी ट्रूडीकडे बघितलं. तिने टेबलाखाली माझा हात धरला होता, इतका घट्ट की अंगठी रुतली. "आई, उद्या येते मी," म्हणाली. "एकटी. आज नको. आज त्याला पिऊ द्या."

त्याला पिऊ द्या! एवढ्याशा ग्लासांसाठी?

तो चाखत बसला. प्रत्येक घोटाला खूश. "आई, इथे आपण आधी का नाही आलो?" म्हणाला.

आता तर मला काहीच कळेनासं झालंय. उद्या ट्रूडी काय घेऊन येते बघू. दार उघडायचं की नाही तेही ठरलेलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

ट्रूडी आली. कोट काढला नाही, स्वयंपाकघरात उभी राहूनच सांगितलं.

जागा माझ्यासाठी नाही. वेंडेलसाठी आहे.

मिल त्याने सोडली नाही, मिलवाल्यांनीच घरी बसवला. त्याचं डोकं रिकामं होत चाललंय, आठवण टिकत नाही. घरी अजून वर्षभर निभेल, फार तर दोन.

"त्याला माहीत आहे?"

"सांगितलं, आई. दोनदा. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडला. आता नाही सांगत. शनिवारी बिअर म्हटलं की हसत निघतो."

"मग मला कशाला फिरवलंस?"

"मी दमलेय. मला सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. तुमच्याइतकं संशयी मला कोणी माहीत नाही. म्हटलं, तुम्ही जिथे खोट काढणार नाही, तिथे त्याला ठेवू."

मी चारही ठिकाणी खोट काढली. पण मी निसटायच्या वाटा शोधत होते. दुपारचं ऊन कुठल्या खिडकीत येतं, ते बघितलंच नाही.

शनिवारी पुन्हा निघायचंय.